पोलीस ठाणे ते कारागृह: न्याययंत्रणेच्या माहिती प्रणालींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कळव्यात राहतो. पोलीस, न्यायालये आणि कारागृहे यांच्या संगणक प्रणालींची आखणी करणे आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे हे माझे काम. ऐरोलीच्या कंपन्यांतले प्रोग्रॅमर, कोर्ट नाक्यावरचे नवे वकील, पोलीस ठाण्यांतले ऑपरेटर आणि स्वतःच्याच जुन्या नोंदीमुळे अडलेली माणसे मला प्रश्न पाठवतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे इथे एकत्र केली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सीसीटीएनएस म्हणजेच सगळी यंत्रणा का?

नाही. सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे आणि गुन्हेगारांचा माग ठेवणारे पोलीस ठाण्यांचे संगणक जाळे, ही फक्त पोलिसांची बाजू झाली. केंद्राने २००९ मध्ये २,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह ती मंजूर केली. राष्ट्रीय पातळीवर तिची जबाबदारी १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. न्यायालयांची ई-कोर्ट्स, कारागृहांची ई-प्रिझन्स, सरकारी वकिलांची ई-प्रॉसिक्युशन आणि न्यायसहायक प्रयोगशाळांची ई-फॉरेन्सिक्स या प्रणाली वेगळ्या आहेत. या पाचही जणींना एकमेकींशी बोलायला लावणारा दुवा म्हणजे आयसीजेएस. त्याच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले, तर ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी.

पैसा आणि यंत्रे यांची चर्चा खूप होते. माझ्या मते प्रणालीची खरी परीक्षा एकच आहे: पहिल्या पानावर ज्याचे नाव चढले त्या माणसाच्या खटल्याचा निकाल त्याच पानावर परत येतो का? बाकीची बरीच उत्तरे याच प्रश्नापाशी येऊन थांबतात.

२. गुन्हा रजिस्टर क्रमांक असताना सीएनआर क्रमांक कशाला? सगळीकडे एकच क्रमांक का चालवत नाहीत?

गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजे आपला गु.र.क्र., दर वर्षी प्रत्येक पोलीस ठाण्यात एकपासून सुरू होतो. त्यामुळे नुसते ‘११२/२०२४’ म्हटले तर काहीच कळत नाही. नौपाड्यातही ११२ आहे आणि रबाळ्यातही. न्यायालयाचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा नोंद क्रमांक, सोळा अक्षरांचा असतो आणि देशभरात एकमेव असतो. त्यात राज्य, जिल्हा, न्यायालय, अनुक्रम आणि वर्ष येते. ठाणे जिल्ह्याचा ‘एमएचटीएच’ने सुरू होतो. कारागृहाचा बंदी क्रमांक निराळा आणि कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा प्रकरण क्रमांक त्याहून निराळा.

एकच क्रमांक लादण्याचा मोह नवख्या आखणीकाराला हमखास होतो. तो टाळा, कारण गुन्हा आणि खटला यांचे नाते एकास एक नसते. एका गुन्ह्यात पाच आरोपी आहेत असे समजा. तिघांवर दोषारोपपत्र गेले, एक फरारी म्हणून त्याचा खटला वेगळा काढला आणि एक अल्पवयीन निघाला म्हणून बाल न्याय मंडळाकडे गेला. पुढे दंडाधिकाऱ्यांनी प्रकरण सत्र न्यायालयाकडे वर्ग केले की तिथे नवा क्रमांक पडतो. उलट, कधी दोन गुन्हे मिळून एकच खटला चालतो. म्हणून प्रत्येक कार्यालयाचा क्रमांक जसा आहे तसा ठेवायचा आणि मध्ये जोडतक्ता ठेवायचा: कोणता क्रमांक, कोणाचा, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या आरोपीपुरता. शेवटचा रकाना विसरला की निकाल चुकीच्या माणसावर चढतो.

३. प्रणालीच्या मध्यभागी गुन्हा ठेवायचा की व्यक्ती?

दोन्ही, पण दुवा व्यक्तीचा. पोलिसांची कागदपद्धत गुन्ह्याभोवती फिरते. एकात्मिक तपास नमुने पाहा: पहिला खबरी अहवालाचा (एफआयआर), दुसरा गुन्ह्याच्या तपशिलाचा, तिसरा अटकेचा, चौथा जप्तीचा, पाचवा अंतिम अहवालाचा, सहावा न्यायालयाच्या निकालाचा, सातवा अपिलाचा. न्यायालय खटला मोजते, कारागृह माणूस मोजते. अमेरिकेतही हाच पेच पडला होता. तिथे एफबीआयने १९६७ मध्ये राष्ट्रीय गुन्हे माहिती केंद्र सुरू केले आणि १९६९ मध्ये राज्यांच्या ‘सर्च’ प्रकल्पाने व्यक्तीचा गुन्हेइतिहास एका राज्यातून दुसऱ्यात पोहोचवण्याचे काम हाती घेतले. अटकेची नोंद भरली जाते आणि निकालाची रिकामी राहते, ही अडचण त्यांनाही आली. आपल्याकडे पहिले पाच नमुने पोलीस स्वतःच्या कामासाठी भरतातच. सहावा आणि सातवा दुसऱ्या कार्यालयाच्या माहितीवर अवलंबून असतात, म्हणून मागे पडतात.

४. आखणीची सुरुवात कुठून करू?

ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून, आणि रात्रपाळीत. मंत्रालयातल्या बैठकीतून गरजा गोळा करू नका असे मी म्हणत नाही, पण आधी टेबल पाहा.

काही वर्षांपूर्वी एका पोलीस ठाण्यात मी सलग तीन रात्री बसलो होतो. तक्रारदार आला की अंमलदार आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून घ्यायचे, मग स्टेशन डायरीत नोंद करायचे आणि पहाटे गर्दी ओसरली की संगणकावर. घरफोडीची तक्रार होती, आरोपी अनोळखी. पण आरोपीच्या वडिलांचे नाव भरल्याशिवाय ते पान जतनच होईना. अंमलदारांनी शांतपणे त्या चौकटीत एक टिंब टाकले आणि पुढे गेले. पत्त्यातही टिंब. वयात ९९. दुसऱ्या दिवशी मी त्या प्रणालीत वडिलांच्या नावाच्या जागी टिंब देऊन शोध घेतला, तर पानामागून पान नोंदी निघाल्या. दोष त्या अंमलदारांचा नव्हता. ‘माहीत नाही’, ‘सांगण्यास नकार’ आणि ‘लागू नाही’ हे तीन पर्याय त्यांना कोणी दिलेच नव्हते. सक्तीचा प्रत्येक रकाना ठेवताना स्वतःला विचारा: रात्री दोन वाजता, समोर रडणारी बाई असताना, ही माहिती मिळेल का?

५. मराठी नावांची जुळणी का फसते?

याला अनेक कारणे आहेत. खबरी अहवाल मराठीत लिहिला जातो, तर खटल्याच्या यादीत नावे बहुधा रोमन लिपीत असतात. सावंत हे रोमनमध्ये ‘व्ही’नेही लिहितात आणि ‘डब्ल्यू’नेही. ज्ञानेश्वर तर ‘डी’, ‘जी’ किंवा ‘जे’ यांपैकी कशानेही सुरू होऊ शकतो. दत्तात्रय, दत्तात्रेय आणि दत्ता ही तीन माणसे आहेत की एकच? आपले मधले नाव वडिलांचे, पण लग्नानंतर स्त्रीच्या नावात ते पतीचे होते आणि आडनावही बदलते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीची साक्षीदार आज पूर्ण वेगळ्या नावाने उभी राहते. भिवंडीत, मुंब्र्यात उर्दू नावांची मराठी लेखने आणखी वेगवेगळी. त्यात ‘ऊर्फ’ आला की एकाच रकान्यात दोन नावे कोंबली जातात.

उपाय असे: नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि ऊर्फ यांना वेगळे रकाने, मूळ लेखन जसेच्या तसे जपायचे आणि शोधासाठी उच्चारावर आधारलेले दुसरे रूप ठेवायचे. वय ‘अंदाजे ३५’ असेल तर अंदाज असल्याची खूण ठेवायची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्राने दोन नोंदी आपोआप एक करायच्या नाहीत. त्याने संभाव्य जुळण्या दाखवाव्यात, निर्णय अधिकाऱ्याने घ्यावा आणि चुकला तर तो मागे घेता यावा. चुकीची जुळणी म्हणजे दुसऱ्याच्या वॉरंटवर भलत्याच्याच दारात पोलीस.

६. नवी मुंबईचे पोलीस ठाणे आणि त्याचे न्यायालय वेगळ्या जिल्ह्यांत कसे?

हा प्रश्न बाहेरून आलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमरला पडतो. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन महसुली जिल्ह्यांत पसरले आहे. वाशी, नेरूळ, ऐरोली ठाणे जिल्ह्यात, त्यांची प्रकरणे बेलापूरच्या न्यायालयाकडे. खारघर, पनवेल, उरण रायगड जिल्ह्यात. खारघरचे प्रकरण पनवेलला जाते आणि तिथला सीएनआर रायगडचा असतो. तेव्हा ‘आयुक्तालय म्हणजे जिल्हा’ असे गृहीत धरून लिहिलेला कोड इथे पहिल्याच दिवशी मोडतो. पोलीस घटक, महसुली जिल्हा आणि न्यायिक जिल्हा या तीन वेगळ्या याद्या ठेवा.

७. हद्द बदलली, नवे आयुक्तालय झाले, तर जुन्या नोंदींचे काय?

त्यांना हात लावायचा नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाले आणि ठाणे ग्रामीण पोलिसांकडची काही पोलीस ठाणी तिकडे गेली. वसईच्या २०१२ च्या गुन्ह्याचा जिल्हा ठाणे होता आणि त्या नोंदीत तो ठाणेच राहिला पाहिजे, कारण दोषारोपपत्रावर, जप्तीच्या चिठ्ठीवर, साक्षीदाराच्या समन्सवर तेच छापले आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याला ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत या घटकात’ अशी मुदत जोडा. प्रश्न २ मधला जोडतक्ता याच तत्त्वावर चालतो.

८. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांमुळे प्रणालीत काय बदलावे लागते?

कलमांची यादी बदलणे हा सोपा भाग. पण जुनी यादी काढून टाकू नका. ३० जून २०२४ पर्यंत घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, मग तक्रार आज का येईना. म्हणजे कलम निवडताना गुन्ह्याची तारीख पाहायची, नोंदीची नव्हे.

कष्टाचा भाग पुढे आहे. नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ म्हणते की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यायची. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने आली तर खबर देणाऱ्याने तीन दिवसांत सही केल्यावर ती नोंदीवर घेतली जाते. म्हणजे ‘आली पण सही बाकी’ अशी एक नवी अवस्था हवी, आणि हद्द बदलून पाठवलेल्या गुन्ह्याचा माग हवा. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करायचे. कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे; ते राज्याने अधिसूचना काढून पाच वर्षांच्या आत लागू करायचे आहे. कलम १९३ नुसार तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायची. हे शेवटचे काम प्रणाली सर्वांत चांगले करू शकते, फक्त कळवल्याची तारीख आणि मार्ग नोंदवा.

९. साठ-नव्वद दिवसांची मुदत प्रणालीने कशी मोजावी?

दोषारोपपत्र मुदतीत गेले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, त्यामुळे इथे एक दिवसाची चूकही महाग पडते. मुदत अटकेच्या तारखेपासून नव्हे, तर दंडाधिकाऱ्यांनी प्रथम कोठडी दिली त्या दिवसापासून मोजतात. आणि तो पहिला दिवस मोजायचा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये मिटवला: मोजायचा. दोन तारखांची नुसती वजाबाकी करणारे सूत्र एक दिवस उशिरा इशारा देते. जुन्या प्रणालींत हे तपासून घ्या.

१०. मुद्देमालाला बारकोड लावला की काम झाले का?

बारकोड हवाच, पण मुद्देमालाची खोली एकदा पावसाळ्यात पाहून या. खाकी कागदात गुंडाळलेले पुडके, त्यावर सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाखेची मोहर आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. जुलैमध्ये भिंतीला ओल येते, साधी चिकटपट्टी सुटते आणि चिठ्ठ्या जमिनीवर पडलेल्या सापडतात. कोणती कोणत्या पुडक्याची, हे मुद्देमाल कारकुनाच्या स्मरणावर. म्हणून चिठ्ठी ओलाव्यात टिकणारी घ्या, सुतळीत ओवलेली दुसरी प्रत ठेवा आणि मुद्देमाल रजिस्टरचा क्रमांक हाताने मोठ्या अक्षरांत लिहा.

प्रणालीत प्रत्येक हालचाल वेगळी ओळ व्हावी: कोणी दिले, कोणी घेतले, केव्हा, मोहर शाबूत होती का. इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम आता दोषारोपपत्रातच द्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्यही लागते. हॅश म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसा समजा. फाइलमधले एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. तो जप्तीच्या वेळीच काढून ठेवा.

११. सगळे एफआयआर ऑनलाइन दिसतात का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचे निर्देश दिले. संपर्काची अडचण असेल तर ७२ तासांपर्यंत सवलत. लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद, बंडखोरी अशी संवेदनशील प्रकरणे वगळली आहेत, आणि वगळण्याचा निर्णय उपअधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने घ्यायचा नाही. प्रणालीत ही खूण कलमावरून आपोआप लागावी. नंतर कलम वाढले आणि प्रकरण संवेदनशील झाले, तर आधी टाकलेली प्रतही उतरली पाहिजे. ही उलटी वाट बहुतेक आखणीत राहून जाते.

१२. जामीन मंजूर झाला तरी माणूस दुसऱ्या दिवशीही आत का?

कारण आदेश कागदावर प्रवास करत होता. कारागृहाच्या दाराशी जामिनाच्या आदेशांची पेटी असते. ती उघडण्याची वेळ टळली की मुक्काम वाढला. ठाणे कोर्टातून ठाणे मध्यवर्ती कारागृह जवळ आहे, पण कल्याणहून तळोज्याला संध्याकाळच्या वाहतुकीत कागद घेऊन जाणाऱ्या नातेवाइकाला विचारा. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्वतःचे आदेश इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोहोचवण्यासाठी ‘फास्टर’ प्रणाली सुरू केली. जानेवारी २०२३ मध्ये त्याने सांगितले की जामीन देणाऱ्या न्यायालयाने आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांना ई-मेलने पाठवावी आणि अधीक्षकांनी जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवावी. सात दिवसांत सुटका झाली नाही तर त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे.

तरीही माणूस अडकतो तो दोन कारणांनी: जामीनदार मिळत नाही, किंवा दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात तो हवा असतो. दुसरे कारण प्रणालीने आदेशाच्या दिवशीच दाखवायला हवे, सुटकेच्या वेळी दारात नव्हे.

१३. मी निर्दोष सुटलो, तरी चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसतो. का?

मला सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न हाच. एक तरुण महापेच्या एका कंपनीत रुजू होणार होता. कॉलेजच्या दिवसांतल्या मारामारीच्या प्रकरणात तो कधीच सुटला होता. पडताळणीत ‘गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट’ असे आले आणि नोकरी गेली. तो निकालाची प्रमाणित प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून तीन कार्यालयांत फिरला. प्रत्येकाने ती पाहिली, खरी मानली आणि आमच्याकडे बदलता येत नाही म्हणून परत दिली.

कारण साधे: निकाल न्यायालयाच्या प्रणालीत होता आणि पोलिसांच्या नोंदीतला सहावा नमुना (प्रश्न ३) रिकामा. जोडतक्ता (प्रश्न २) नसल्याने तो आपोआप भरला गेला नाही आणि पैरवी अंमलदाराने (खटल्यांचा पाठपुरावा करणाऱ्या पोलिसाने) हाताने भरला नाही. तुमच्यावर ही वेळ आली तर प्रमाणित प्रत, गु.र.क्र. आणि सीएनआर देऊन संबंधित पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. तुम्ही प्रणाली बांधत असाल तर निकाल न आलेल्या जुन्या प्रकरणांची यादी दर महिन्याला वरिष्ठांच्या पडद्यावर आपोआप येऊ द्या. आणि पडताळणीच्या अहवालावर ‘न्यायप्रविष्ट’ छापण्याआधी त्याच दिवशी न्यायालयाची नोंद तपासण्याची सक्ती ठेवा. ही एक सक्ती मी कधीच सोडणार नाही.

१४. अ, ब आणि क समरी प्रणालीत कशा दाखवायच्या?

समरी म्हणजे तपास बंद करण्यासाठी पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांकडे पाठवलेला अहवाल. तिन्ही एकाच ‘बंद’ या शब्दाखाली अजिबात नकोत. महाराष्ट्रात अ समरी म्हणजे गुन्हा खरा पण उकल झाली नाही. ब म्हणजे फिर्याद खोटी. क म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. अ समरीतला गुन्हा नवा पुरावा मिळाला तर पुन्हा तपासाला येऊ शकतो. ब समरीतल्या आरोपीच्या नावापुढे काही उरायलाच नको. आणि पोलिसांनी पाठवली म्हणजे मंजूर झाली असे नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची तारीख वेगळी ठेवा.

१५. आरोपी अल्पवयीन असेल तर?

बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करते, आणि कलम २४ नुसार अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करायची असते. जघन्य गुन्ह्यांत प्रौढाप्रमाणे खटला चाललेले प्रकरण त्याला अपवाद. सज्ञान आरोपींच्या शोधात बालकाचे नाव येता कामा नये. अवघड प्रसंग असा की वय नंतर ठरते: अटकेच्या नमुन्यात १९ लिहिले, शाळेच्या दाखल्यावर १७ निघाले. त्या क्षणी नोंद जुन्या जागेवरून निघून संरक्षित भागात जायला हवी, छापलेल्या याद्यांसकट.

१६. बोटांचे ठसे कायमचे राहतात का?

२०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमानुसार मोजमापे (बोटांचे ठसे त्यांतच आले) ७५ वर्षे ठेवता येतात. मात्र पूर्वी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा निर्दोष ठरला, तर सर्व कायदेशीर मार्ग संपल्यावर ती नष्ट करायची असतात, न्यायालयाने कारणे देऊन वेगळे सांगितले नसेल तर. याचा अर्थ निकाल परत आला नाही (प्रश्न १३) तर हा हक्कही कागदावरच राहतो. नष्ट करण्याचा आदेश पोलीस ठाण्याच्या संगणकापुरता न राहता राज्याच्या साठ्यात, बोटांच्या ठशांच्या राष्ट्रीय ‘नाफिस’ प्रणालीत आणि राखीव प्रतींतही पोहोचला पाहिजे.

१७. चाचणीसाठी खऱ्या नोंदी वापरू का? फक्त नावे बदलतो.

नको. गु.र.क्र., तारीख आणि गल्लीचे नाव एवढ्यावर कळव्यातला कोणीही माणूस ओळखेल. बनावट नोंदी तयार करा आणि त्यांत मुद्दाम टिंब, ऊर्फ, अंदाजे वय हे सगळे घाला.

१८. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा पोलिसांना लागत नाही म्हणतात. मग काळजी कशाला?

२०२३ च्या त्या कायद्यात गुन्ह्याचा प्रतिबंध, तपास आणि खटला यांसाठी बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. पण माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सुटत नाही. कोणी, केव्हा, कोणाची नोंद उघडली आणि का, याची न पुसता येणारी यादी ठेवा. शेजाऱ्याची, होणाऱ्या जावयाची नोंद पाहण्याचा मोह माणसालाच होतो, आणि आपण पाहिलेले नोंदले जाते एवढे माहीत असले की तो बराच आवरतो.

१९. खालच्या कोर्टात सुटका, उच्च न्यायालयात शिक्षा, सर्वोच्च न्यायालयात पुन्हा सुटका. नोंदीत काय लिहायचे?

तिन्ही, आपापल्या तारखांसह. जुना निकाल पुसून त्यावर नवा लिहायचा नाही, कारण मधल्या काळात माणूस कोणत्या आदेशावर कारागृहात होता हे नंतर सिद्ध करावे लागू शकते. अपील दाखल आहे का, मुदत संपली का, हे सातव्या नमुन्यात येते आणि प्रश्न १६ मधली मुदत त्यावरच चालते. बाहेर जाणाऱ्या कोणत्याही दाखल्यावर मात्र फक्त शेवटची स्थिती छापा आणि तिच्याखाली ती कोणत्या दिवशी, किती वाजता तपासली ते.